साडेसहा एकरांच्या आवारासाठी पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: गारगोटी रोडला एका शिक्षणसंस्थेचं साडेसहा एकरांचं आवार आहे. आत डांबरी रस्ता, पार्किंगचं काँक्रीट, एक मैदान. कडेनं गुलमोहर, रेन ट्री, साग आणि अशोकाची रांग. सफाईला चार माणसं, त्यांतल्या तीन मावशी. पानगळीत दोन-दोन दिवस खराटा मारूनही पाला हटत नाही, म्हणून संस्थेनं पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, म्हणजे नळीतून हवा मारून पाला हटवणारं मशीन, मंजूर केलाय. ५०, ६५ आणि ८० सीसीची तीन कोटेशनं आलीत. पर्यवेक्षक सर विचारतात, "सगळ्यात जास्त स्पीड ५० सीसीच्या मशीनचं लिहिलंय आणि तेच स्वस्त आहे. मग वरचं घ्यायचं कशाला?"

सर, मी सोळा वर्षं कोल्हापुरात आवारांच्या देखभालीची कामं घेतोय. कॉलेजं, मंगल कार्यालयांची लॉन्स, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने. तुम्ही ज्या आकड्यावर बोट ठेवलंय, त्याच आकड्यावर माझे पहिल्या मशीनचे पैसे वाया गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोटेशनमधलं स्पीड म्हणजे नळीच्या तोंडातून हवा किती वेगानं सुटते ते. बागेत पाणी मारताना पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण बादली काही लवकर भरत नाही. तसंच हे आहे. हुस्क्वार्ना या एकाच कंपनीच्या दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून बघा. त्यांचं १५० बीटी हे ५० सीसीचं मशीन. हवेचा वेग सेकंदाला सुमारे ११२ मीटर, पण मिनिटाला हवा फक्त १२ घनमीटरच्या आसपास. त्यांचंच ५८० बीटीएस ७५.६ सीसीचं, वेग ९२ मीटर, म्हणजे चक्क कमी, पण हवा मिनिटाला साधारण २६ घनमीटर. वेग आणि हवा यांचा गुणाकार केला तर मोठं मशीन जवळपास पावणेदोन पट भरतं. पाला ढकलतो तो हा गुणाकार. कोरडं एकटं पान वेगानं उडतं. पाल्याचा ढीग मात्र हवेच्या लोंढ्यानंच सरकतो.

हा गुणाकार आपल्याला करत बसायला लागू नये म्हणून चांगल्या कंपन्या न्यूटनमध्ये जोर देतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा रेटा. स्टिल कंपनीचं बीआर ६०० हे ६४.८ सीसीचं मशीन ३२ न्यूटनचं, त्यांचं बीआर ८०० हे ७९.९ सीसीचं ४१ न्यूटनचं. इको कंपनीचं पीबी-९०१० हेही ७९.९ सीसीचंच, पण ते ४८ न्यूटनपर्यंत जातं. सीसी तेवढीच आणि जोर वेगळा, कारण पंखा, पंख्याचं घर आणि नळीचा व्यास वेगळा. तेव्हा कोटेशनवर न्यूटनचा रकाना नसेल तर मागून घ्या. हवेचा आकडा नळी लावून मोजलाय का नळी काढून, हेही विचारा. नळी न लावता मोजला की तो आकडा बराच फुगतो, आणि नळी न लावता तर कुणी काम करत नाही.

माझं पहिलं मशीन ५० सीसीचं होतं. मार्चभर मस्त चाललं, मी खूश. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या लॉनवर लग्न होतं. काँक्रीटवर सागाची पानं पापडासारखी चिकटलेली. पूर्ण रेस दिली तरी पानाची एक कड उचलायची, फडफडायची आणि परत बसायची. शेवटी सहा माणसं लावून खराट्यानं आणि फावड्यानं खरवडून काढलं, तेव्हा कुठं मांडव झाडून झाला. कोरड्या पाल्यावर डेमो बघून मशीन घेऊ नका, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ ८० सीसीच घेऊ. थांबा. ते पाठीवर कोण घेणार?

बीआर ६०० रिकामं पावणेदहा किलोच्या आसपास भरतं. बीआर ८०० आणि ५८० बीटीएस बारा किलोला टेकतात. ५८० बीटीएसची टाकी २.६ लिटरची आहे. ती भरली की वर आणखी दोन किलो, म्हणजे पावणेचौदा किलो पाठीवर. शिवाय ४० न्यूटनचा जोर म्हणजे पूर्ण रेसला नळी तुमचा हात चार किलोच्या रेट्यानं सतत मागं ढकलते. साठ-पासष्ट किलोचा तरणा गडी हे तासभर पेलतो. पन्नाशीच्या, पंचेचाळीस किलो वजनाच्या मावशींच्या पाठीवर ते दिलं तर तिसऱ्या दिवशी मशीन स्टोअरला आणि मावशी परत खराट्यावर. एका आवारात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथं सगळ्यात दमदार मशीन आणलं होतं. वर्षभरात तीस तासही चाललं नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कॅटलॉगच्या पहिल्या पानावर नसते. या मशीनची हवा ओढायची जाळी पाठीच्या गादीच्या आणि पंख्याच्या घराच्या मधे असते. साडीचा पदर, ओढणी, स्कार्फ, सुटी वेणी तिकडं खेचली जाते. जाळीमुळं पंख्यात शिरत नसली तरी कापड जाळीला चिकटून आवळतं आणि माणूस घाबरून तोल घालवतो. आमच्याकडं मावशी मशीन घेणार असतील तर साडीवरून बटणाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पदर आत खोचलेला आणि केस टोपीत, त्याशिवाय मशीन चालू करायची दोरी ओढायची नाही. डोळ्याला गॉगल आणि कानाला इअर मफ हे मशीनच्या बिलातच धरा. नंतर आणू म्हटलं की येत नाही.

पट्टे बघा. खांद्याचे पट्टे जाड हवेतच, पण कमरेचा पट्टा असेल तर वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं आणि तासाभरानं फरक कळतो. रेसचा खटका नळीवर असलेलंच घ्या. काहींचा तो कमरेजवळच्या दांड्यावर असतो, त्यात दोन्ही हात अडकतात.

इंजिनाबद्दल. इको आणि हुस्क्वार्नाची ही मशीनं टू-स्ट्रोक. स्टिलच्या बीआर ६००, ७००, ८०० मध्ये ते ज्याला फोर-मिक्स म्हणतात ते इंजिन येतं. त्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह आहेत, पण ऑईलची वेगळी टाकी नाही. ऑईल पेट्रोलमधूनच जातं. आवाज जरा घोगरा, कानाला कमी टोचणारा, आणि मध्यम रेसवर ओढ चांगली. त्या बदल्यात अधूनमधून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासावे लागतात. ही फट ०.१० मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून. दोरी ओढताना नेहमीपेक्षा जड किंवा हलकी लागायला लागली, सकाळी उशिरा पेटायला लागलं की आधी टॅपेट बघा, मग कार्बोरेटरला हात लावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनांवर हात बसलेले फिटर आहेत. त्यांना फट आणि पाना सांगितला की दहा मिनिटांचं काम.

याच 'फोर' शब्दानं आमचा एकदा घात केला. नवीन मुलगा कामावर आलेला. कुणीतरी त्याला सांगितलं की हे फोर-स्ट्रोक आहे. त्यानं मोटरसायकलसारखं नुसतं पेट्रोल ओतलं. वीस मिनिटं चाललं, मग आवाज बारीक होत होत मशीन बसलं. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर उभ्या चरांचे ओरखडे, बोट फिरवलं तर नख अडकावं असे. चूक त्याची नव्हती, माझी होती. कॅनवर काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडं मिक्सचा (ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा) कॅन लाल, त्यावर पांढऱ्या रंगात "मिक्स" आणि साधं पेट्रोल स्टोअरमध्ये ठेवायचंच नाही.

मिक्सचं प्रमाण या तिन्ही कंपन्यांचं पन्नासास एक. पाच लिटर पेट्रोलला १०० मिली ऑईल, मापानं. अंदाजानं झाकणभर नाही. ऑईल एअर-कूल्ड इंजिनाचं चांगल्या प्रतीचं, डब्यावर जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक ऑईलची जपानी प्रत) लिहिलेलं. जुन्या स्कूटरसाठी सुटं मिळणारं टू-टी ऑईल घालू नका. धूर होतो, सायलेन्सर चोंदतो. आणि "जरा जास्त ऑईल घातलं तर इंजिनाला बरं" हा समज मनातून काढा. ऑईल वाढलं की त्या प्रमाणात पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

पेट्रोलचा विषय आपल्या जिल्ह्यात तर घरचाच आहे. इथल्या उसाच्या मळीपासून निघणारं इथेनॉलच पंपावर परत येतं, आता २० टक्के. गाडीचं ठीक आहे, ती रोज चालते. या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये मात्र सहसा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. म्हणून डीलरला विचारा की या मॉडेलला ई-२०, म्हणजे हे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, चालतं का, आणि उत्तर कोटेशनवर लेखी घ्या. वॉरंटीच्या वेळी तो कागद लागतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात अर्धा कॅन मिक्स स्टोअरला पडून राहिलं की तळाला पाणी आणि इथेनॉल वेगळं साचतं, वर ऑईल-पेट्रोल. ते ओतलं की कार्बोरेटरचा पडदा कडक होतो, प्रायमरचा (सुरू करण्याआधी पेट्रोल चढवायला दाबायचा) रबरी फुगा तडकतो, टाकीतली नळी मऊ पडते. उपाय साधा आहे: पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिक्स करा. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून, चालू करून, स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायची जी युक्ती काहीजण सांगतात ती करू नका. राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो आणि त्यात पाणी शिल्लक राहिलं की इंजिन त्याचं त्याचं दुखणं घेऊन बसतं.

मशीनची ताकद गेली म्हणून लोक दुकानात नेतात, त्यातली निम्मी मशीनं मी दहा मिनिटांत परत दिलीत. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायला एक जाळी असते, नखाएवढी. कार्बननं ती चोंदते. मशीन पेटतं, हळू चालतं, पण रेस दिली की गुदमरतं, मिसिंग मारतं. गार झाल्यावर स्क्रू काढायचा, जाळी पक्कडनं ओढायची. उजेडाकडं धरली तर एकही भोक दिसत नाही, नुसती काळी टिकली. पितळी ब्रशनं घासली की एकेक छिद्र उघडतं. परत बसवून दोरी ओढली की तेच मशीन नव्यासारखं ओरडतं. जाळी काढून टाकून चालवू मात्र नका. वाळलेल्या पाल्यात, मार्चच्या उन्हात, एक ठिणगी पुरते.

एअर फिल्टर आपल्या मातीला आठवड्याला झटकावाच लागतो. आणि एमआयडीसीतल्या मित्रांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथूनही मला विचारणा येते: फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या) शेडमध्ये हा ब्लोअर अजिबात वापरू नका. मोल्डिंगची वाळू हवेत उडाली की त्यातली बारीक सिलिका माणसाच्या फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. तिथं व्हॅक्यूमच हवा. इंजिनाचा सिलिंडर त्या धुळीनं खरवडतो तो भाग निराळाच.

तुमच्या झाडांचं बोलू. सागाचं पान ताटाएवढं. कोरडं असेल तर सगळ्यात सोपं, भिजलं तर सगळ्यात अवघड. अशोकाचं पान गुळगुळीत, एकावर एक घसरत जातं, त्रास नाही. गुलमोहर आणि रेन ट्रीची बारीक पानं मातीत आणि फरशीच्या फटीत बसतात. तिथं गोल नळी काढून चपटं तोंड लावा, नळी जमिनीपासून वीतभर वर आणि तिरकी धरा. गुलमोहराच्या शेंगा आधी हातानं वेचा. त्या ब्लोअरनं सरकत नाहीत, उडून काचेवर मात्र जातात. मैदानाच्या मातीवर पूर्ण रेस देऊ नका. पाल्याआधी माती उडते, आणि ती शेजारच्यांच्या वाळवणावर पडते. झाडाच्या आळ्यातला पाला तर उडवूच नका, तिथं तो पडलाय तो झाडाच्या कामाचा आहे.

वारा पाठीशी घ्या. पानगळीत सकाळी दव सुकल्यावर, साडेसात-आठला सुरू करा. पाल्याची एक लाट करायची आणि ती डावी-उजवी हलवत पुढं न्यायची. एकेका पानाच्या मागं लागलं की पेट्रोल जातं आणि पाला तिथंच. लाटेच्या शेवटी ताडपत्री अंथरून ठेवा, तिच्यावर पाला ढकला, चार कोपरे धरून खड्ड्यात टाका. पाला पेटवायला कायद्यानं बंदी आहे. आणि साडेसहा एकरांचा पाला म्हणजे तुमच्याच बागेचं वर्षाचं खत आहे.

आवाजाचं तुमच्याकडं विशेष सांभाळायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, दवाखाने आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करायची तरतूद आहे आणि तिथं दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. चालवणाऱ्याच्या कानाशी ही मोठी मशीनं शंभर डेसिबलच्या आसपास असतात. तेव्हा वर्ग भरायच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशीच. परीक्षेच्या काळात मशीन कुलपात. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०२४ पासून नव्यानं बनणाऱ्या अशा छोट्या पेट्रोल इंजिनांची विक्री बंद करायचा नियम केला, तो मुख्यतः धुरापायी. बॅटरीवरची मशीनं चांगली निघालीत. व्हरांडा, ऑफिससमोरचा भाग यासाठी मी तीच सुचवेन. पण सलग तीन तासांच्या ओल्या पाल्याला लागणाऱ्या बॅटऱ्यांचा खर्च अजून तुमच्या बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही.

स्वस्त बिननावी मशीनं मी दोन वापरली. दोन्ही पहिलं वर्ष चालली. दुसऱ्या वर्षी एकाचा पंखा हलायला लागला, दुसऱ्याचा कार्बोरेटर गेला आणि त्याच मापाचा दुसरा मिळेना. इथं बुश, बेअरिंग, स्प्रिंग काहीही बनवून मिळतं, शाहूपुरी आणि उद्यमनगर जवळ असल्याचा हा मोठा फायदा आहे. पण कार्बोरेटरचा पडदा आणि इग्निशन कॉईल कुणी लेथवर काढून देत नाही. म्हणून कोटेशनसोबत पाच सुट्या भागांची किंमत मागा: प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर किट, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग, प्रायमर फुगा. जो डीलर त्यातले तीन काउंटरवरून काढून दाखवेल त्याच्याकडून, एक पायरी कमी जोराचं मशीन असलं तरी, घ्या. पानगळीत मशीन पंधरा दिवस पार्टसाठी पडून राहिलं तर त्या ४८ न्यूटनांचा उपयोग काय?

तर तुमच्या आवाराला माझं मत: ६५ सीसीचं, ३० ते ३५ न्यूटनचं, दहा किलोच्या आतबाहेरचं एक मशीन. पूर्ण रेसला तासाला दीड लिटरच्या आसपास मिक्स धरा. ८० सीसीला दोन लिटर, आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे. दिवसाला दोन तास, एकानं पंचवीस मिनिटं चालवायचं मग दुसऱ्यानं, असं ठेवलं तर चारही जणांना झेपेल. ८० सीसी तेव्हाच, जेव्हा तुमच्याकडं फक्त तेच काम करणारा धडधाकट गडी असेल आणि डांबरी रस्ता किलोमीटरभराच्या पुढं असेल. ५० सीसीचं कोटेशन बाजूला ठेवा.

ऑर्डर द्यायच्या आधी डीलरला आवारात बोलवा. आदल्या संध्याकाळी सागाखालच्या काँक्रीटवर दोन बादल्या पाणी मारून ठेवा. सकाळी मशीन टाकी भरून आणायला सांगा आणि डीलरच्या माणसाऐवजी तुमच्या मावशींच्या पाठीवर द्या. पंधरा मिनिटं चालवू द्या. मग मशीन उतरवताना त्यांचा हात आधी खांद्याकडं जातो का कमरेकडं, ते बघा, आणि त्यांनाच विचारा.